पोरींवरची पट्टी

मी संशयी आहे, असं माझ्या सुना म्हणतात. दूधवाल्याने माप भरून दिलं तरी मी भांडं हलवून पाहते, डॉक्टरांनी गोळी दिली की ती कशाची ते पुन्हा पुन्हा विचारते, आणि कोणी फार गोड बोलायला लागलं की माझे कान टवकारतात. म्हणू देत बापड्या. मी ज्या मोहल्ल्यात वाढले तिथे संशय घेणं हा दुर्गुण नव्हता, शहाणपण होतं. चटकन विश्वास ठेवणाऱ्या माणसाला तिथे लोक भोळा म्हणत आणि त्याच्याशी व्यवहार करायला धावत.

इतवारीच्या मागच्या अंगाला आमचं घर होतं. बाबांचा मिरचीचा व्यापार. समोर दुकान, मागे राहायची जागा आणि मधे मिरचीची खोली. तिच्यावरून जाताना पाहुण्यांना ठसका लागायचा, आम्हाला काहीच वाटायचं नाही. माल भिवापूरहून यायचा. माझी आत्या तिथेच दिलेली होती, त्यामुळे एका फेरीत बाबांना बहीणही भेटायची आणि मिरचीही. नागपूर तेव्हा मध्यप्रांताची राजधानी होती. गोरे साहेब सिव्हिल लाइन्सच्या बंगल्यांत राहायचे, त्यांचं आमचं काही देणंघेणं नव्हतं. आमचा संबंध यायचा म्युनिसिपालटीशी. तिला सगळे 'कमेटी' म्हणत. कमेटीचा माणूस गल्लीत शिरला की बायका दारं लोटून घेत, कारण तो काही द्यायला आला होता असं कोणाच्याही आठवणीत नव्हतं.

मोहल्ल्यात मुलींची एक शाळा होती. कमेटीचीच, पण भाड्याच्या घरात. देवळामागचं कौलारू घर, शेणाने सारवलेली जमीन, चार वर्ग आणि दोन खोल्या. पावसाळ्यात कौलं गळायला लागली की बाई आधी आमच्या पाट्या कोरड्या जागी हलवायच्या आणि मग आम्हाला. शाळा चौथीपर्यंत. चौथी झाली की मुलीचं शिक्षण संपलं, असं सगळ्यांनी धरलेलंच असे. पुढची शाळा पार सीताबर्डीच्या पलीकडे होती, आणि बाबा मला समोरच्या चौकापर्यंतसुद्धा एकटीला सोडत नसत.

मी तेव्हा चौथीत होते आणि मला पाचवीत जायचं होतं. कशाला, हे मला कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. बाईंच्या कपाटात पाचवीचं भूगोलाचं पुस्तक होतं. त्यातला घडीचा नकाशा त्यांनी एकदा मला उलगडून दाखवला, आणि माझं बोट नागपूरवर पोचायच्या आत पुन्हा मिटून ठेवला. "पाचवीत ये, मग सावकाश पाहा," म्हणाल्या. त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचत नव्हतं.

त्या वर्षी दसरा झाल्यावर देवळाच्या अंगणात सभा भरली. आमच्या वॉर्डाचे मेंबर आले होते. ते वकील होते आणि धंतोलीत नवं घर बांधून तिकडे राहायला गेले होते. मतं आमची आणि घर धंतोलीत, हाच त्यांच्याविरुद्ध पहिला पुरावा होता. ते टांग्यातून उतरले, सतरंजीवर बसताना जोडे काढले आणि ते दाराशी न ठेवता आपल्या मांडीजवळ ठेवले. अंगणातल्या प्रत्येकाने ते पाहिलं. म्हणजे त्यांचाही आमच्यावर भरवसा नव्हता. मी मायजवळ, बायकांच्या घोळक्यात ओट्यावर बसले होते.

मेंबर म्हणाले, कमेटी मुलींसाठी एक पक्की शाळा बांधणार आहे. सातवीपर्यंतची. इमारत एकच होणार, आणि ज्या मोहल्ल्यात शाळेच्या वयाच्या मुली जास्त भरतील त्या मोहल्ल्याला ती मिळणार. खर्चासाठी घरपट्टी थोडी वाढवावी लागेल. सगळ्या घरांवर सारखीच.

"सारखीच," ते पुन्हा म्हणाले. दुसऱ्यांदा म्हणाले नसते तर लोकांनी कदाचित ऐकून घेतलं असतं.

पहिला उठला तो आमच्या शेजारचा सोनार. हा माणूस सोनं तोलण्याआधी स्वतःच्या तराजूकडेही तिरक्या नजरेने पाहायचा.

"मेंबरसाहेब, एक सांगा. नळपट्टी कोनावर बसते? ज्याच्या घरी नळ आहे त्याच्यावर. सफाईपट्टी कोनावर बसते? ज्याच्या घरी संडास आहे त्याच्यावर. मंग पोरींच्या शाळेची पट्टी कोनावर बसन?"

ओट्यावर कोणीतरी "माय वं!" म्हणून तोंडाला पदर लावला. मेंबर हसले, आणि तिथेच त्यांचा घात झाला. हसून उत्तर देणारा माणूस आमच्या मोहल्ल्यात कधी खरा धरला जात नसे.

"अहो, मुलींवर कुठे कर असतो का?" ते म्हणाले.

"पान्यावर तरी कुठी होता गा पयले?" सोनार म्हणाला. "नळ आले तेव्हा तुमीच सांगून राहिले होते का लोकाइची सोय आहे म्हनून."

मग सगळेच बोलायला लागले. ज्याच्या घरी पोरगी नाही त्याने काहून द्यावं, हा एक पक्ष. ज्याच्या घरी पोरी आहेत त्याने आधीच हुंडे द्यायचे, वर पट्टी काहून द्यावी, हा दुसरा. कोणीतरी विचारलं, इमारतीचा ठेका कोणाला मिळणार. मेंबर म्हणाले, टेंडर निघेल. "निघन ना बाप्पा," मागून आवाज आला, "आन् साळ्याले भेटन." मेंबरांना मेव्हणा होता, एवढं खरं. तो ठेकेदार होता की नाही हे मला आजतागायत ठाऊक नाही, पण सभा संपेपर्यंत तो ठेकेदार होऊन गेला होता.

बाबा या सगळ्यात गप्प होते. ते व्यापारी, भाव ऐकून घेतल्याशिवाय तोंड उघडायचे नाहीत. सगळे थकल्यावर ते बसल्या जागेवरून म्हणाले, "सारखीच बसनार असन पट्टी, तं पोरी मोजता काहून?"

मेंबरांनी पुन्हा सगळं समजावून सांगितलं. मोजायच्या त्या शाळा कुठे बांधायची ते ठरवायला, पट्टीचा आणि मोजणीचा काही संबंध नाही. मला ते अगदी स्वच्छ कळलं. मी अकरा वर्षांची होते, मला कळलं आणि त्या मोठमोठ्या पगड्या-टोप्यांना कळलं नाही, असं मी पुष्कळ वर्षं समजत होते. पण बाबांच्या प्रश्नावर जी मान डोलली ती साऱ्या अंगणाची डोलली, आणि मेंबर जोडे घालून टांग्यात बसले.

मग बाई घरोघर फिरू लागल्या. त्या महाल भागातल्या, भोसल्यांच्या वेळी आलेल्या घराण्यातल्या, लहानपणीच विधवा झालेल्या. बोलणं शुद्ध, आवाज बारीक. आमच्या दुकानाच्या पायरीशी उभ्या राहून बाबांना म्हणाल्या, "मोजणीच्या दिवशी मुलीला घरात ठेवा. खरी संख्या लिहिली गेली तर शाळा इथेच होईल. तुमची मुलगी हुशार आहे, तिला पुढे शिकू द्या."

बाबांनी मायला चहा ठेवायला सांगितलं. बाई म्हणाल्या, नको, मला चालत नाही. त्या आमच्याकडे पाण्याचा थेंब घेत नसत, हे सगळ्यांना माहीत होतं, बाबांनाही. त्यांनी मुद्दाम विचारलं होतं.

त्या वळणावर दिसेनाशा झाल्यावर बाबा म्हणाले, "माह्या घरचं पानी चालत नाही, माह्या घरची पोरगी चालते."

"बाबा, पन बाई खरंच सांगून राहिल्या," मी म्हणाले. "पोरी जास्त निघाल्या तं शाळा इथंच होते. मले पाचवीत जाता येते."

"सातवीपर्यंत शाळा झाली तं हे हेडबाई होईन. पगार वाढन तिचा. तुह्यासाठी नाही फिरून राहिली वं ते."

खरं सांगायचं तर त्या रात्री मलाही बाईंचा संशय आला. नकाशा त्यांनी मला एकटीलाच दाखवला होता, की चौथीतल्या सगळ्या मुलींना एकेक करून? पण संशय असो नसो, मला पाचवीत जायचं होतं. बाईंचा पगार वाढला असता तर माझं काय बिघडणार होतं?

पुढच्या दिवसांत शाळेतून एकेक मुलगी कमी होऊ लागली. कोणाचा बाप येऊन नाव काढून नेई, कोणाची आई निरोप पाठवी की पोरगी मामाच्या गावाला गेली. मामाच्या गावाला गेलेली पोरगी संध्याकाळी नळावर दिसे आणि मला पाहून घागर टाकून पळे. माझंही नाव बाबांनी काढलं. बाईंनी मला निघताना जवळ घेतलं नाही, रागावल्याही नाहीत. फक्त म्हणाल्या, "मोजणीच्या दिवशी घरी राहा." त्याच सुमारास कमेटीचे शिपाई येऊन प्रत्येक दाराशेजारच्या भिंतीवर गेरूने मोजणीचे आकडे घालून गेले. संध्याकाळी दिवेलागणीला बघावं तर सगळ्या गल्लीतल्या बायका आपापल्या भिंती सारवायला बसलेल्या. आमच्या दाराशेजारचा आकडा मायने पुसला. शिपाई आले, पुन्हा घालून गेले, मायने पुन्हा पुसला. भांडण कोणीच केलं नाही.

मोजणीच्या सकाळी मोहल्ल्यात पोरांचा नुसता दंगा होता. गल्लीत विटीदांडू, त्यात माझे दोन्ही भाऊ, ओट्यांवर पोरं, देवळाच्या पायऱ्यांवर पोरं. मुलगी एक नाही. माय माझ्या दोन वेण्या घालत होती. एक झाली होती, दुसरी हातात होती, तेवढ्यात सोनाराच्या घरून आवाज आला, "आले वं, आले!" मायने मला दंडाला धरलं, मिरचीच्या खोलीत ढकललं आणि बाहेरून दार ओढून घेतलं. कडी लावली नाही. कडी लावलेली खोली उघडून पाहतात, असं तिचं म्हणणं असावं.

आत अंधार होता. पोत्यांना टेकून मी ऐकत उभी राहिले. कमेटीचा कारकून आला होता, त्याच्याबरोबर शिपाई, आणि बाई. बायका परक्या पुरुषाला मुलींची नावं सांगत नाहीत म्हणून कमेटीने बाईंना सोबत दिलं होतं.

"किती मुली घरात?" कारकुनाने विचारलं.

"पोरी नाहीत आमच्या घरी," बाबा म्हणाले. "दोन पोरं आहेत. पायजे तं बोलावतो."

लोकांना वाटेल मला ठसका लागला असेल. नाही. मिरचीत जन्म गेला होता माझा, मला ठसका कशाने लागणार? मी माझ्या मनाने दार ढकललं आणि बाहेर आले. माझ्या डोक्यात एवढंच होतं की बाबा चुकून राहिले आहेत, त्यांना पट्टीची भीती वाटते आणि भीतीने ते माझी शाळा घालवून राहिले आहेत. मी एकदा दिसले की खोटं बोलायचं कारणच राहणार नाही.

"मी आहे," मी म्हणाले. "मी आहे या घरात."

एका बाजूला वेणी, दुसऱ्या बाजूला केस मोकळे. मायच्या हातात अजून फणी होती.

बाबा जराही गडबडले नाहीत. खराब पोतं गिऱ्हाइकापुढे फुटलं तरी ते गडबडत नसत. "हे पाहुनी आहे," ते म्हणाले. "माह्या बहिनीची पोरगी. भिवापूरची. उद्या चालली परत."

कारकुनाने बाईंकडे पाहिलं. "तुमच्या शाळेत होती का ही?"

"होती. माझ्या चौथीत. यांचीच मुलगी आहे ती," बाई म्हणाल्या.

"पाहुनी आली होती, चार महिने बसली शाळेत. नाव काढून घेतलं आता," बाबा म्हणाले. मग बाईंकडे वळले. "तुमचा पगार वाढते म्हनून तुमी बोलून राहिल्या, बाई. माह्या घरात कोन माहं आन् कोन पाहुनं, हे तुमाले जास्त माईत का मले?"

बाईंचा चेहरा पडला. कारकुनाला अख्खी गल्ली करायची होती. त्याने सुटकेसाठी मायला विचारलं, "ही तुमची मुलगी आहे का, बाई?"

माय पदर पुढे ओढून उभी होती. तिने मान हलवली, नाही म्हणून.

मी त्या मानेकडे पाहत राहिले. बाबांचं बोलणं मी समजू शकत होते, ते दुकानातलं बोलणं होतं. मायचं मला समजलं नाही. कारकुनाने काहीतरी लिहिलं आणि ते सगळे सोनाराच्या दाराशी गेले. सोनाराला चार मुली होत्या. त्यानेही एकही सांगितली नाही.

कोणी मला मारलं नाही. दुसरी वेणीही मायने घालून दिली, जरा घट्टच. पण उद्या जाणार म्हटलेल्या पाहुणीला उद्या जावंच लागतं. कारकून पुन्हा तपासायला आला तर काय सांगायचं? सकाळी बाबांनी मला इतवारी स्टेशनवर नेलं आणि छोट्या लाइनच्या गाडीत बसवलं. गाडी इतकी हळू चालायची की पोरं खाली उतरून तिच्यासोबत धावत आणि पुन्हा चढत. "चार दिवस राह्य," बाबा म्हणाले. "कमेटीवाले थंडे पडले का आनतो."

भिवापूरला मुलींची शाळा नव्हती. मुलांची होती, आत्याच्या घरासमोरच. सकाळी पाढ्यांचा आवाज यायचा आणि मी अंगणात मिरच्यांचे देठ खुडत तो ऐकायची. आत्या प्रेमळ होती, खाऊपिऊ घालायची. फक्त एक गोष्ट मला खटकत राहिली. मी का आले, किती दिवसांसाठी आले, हे तिने मला कधी विचारलंच नाही. चार दिवसांचे तीन महिने झाले, दिवाळी गेली, संक्रांत गेली, तरी नाही.

माघात मिरचीचा हंगाम आला तसे बाबा माल घ्यायला आले. अंगणभर लाल मिरची पसरलेली होती. ते आत्याशी बोलत बसले, मी दाराआड उभी राहिले. शाळा गेली होती. तळ्यापलीकडच्या एका मोहल्ल्यात पाया खोदायला घेतला होता. तिथे पोरी जास्त निघाल्या होत्या म्हणे. आमच्या मोहल्ल्यात फारशा मुलीच नाहीत असं कागदावर आल्यामुळे जुनी शाळाही कमेटीने मोडली होती. बाईंची बदली झाली होती, कुठे ते बाबांना माहीत नव्हतं.

"आन् पट्टी?" आत्याने विचारलं.

"पट्टी बसली ना!" बाबा जवळजवळ आनंदाने म्हणाले. "सगळ्याइवर बसली. पोरी असो का नसो, सारखीच. मी तं पयलेच म्हनत होतो, चोर आहेत सारे."

त्यांना खरोखर विजय झाल्यासारखं वाटत होतं. आपला संशय खरा निघाला, एवढंच त्यांनी त्यातून घेतलं. मेंबर जे म्हणाले होते तेच अक्षरशः घडलं, हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. मला वाटलं, जाऊ दे, आता तर भीती संपली. पट्टी बसायची ती बसली, कारकून येणार नाही, पाहुणी होऊन राहायचं कारण उरलं नाही. मी दाराआडून बाहेर आले.

"बाबा, आता मी घरी येऊ?"

बाबांनी ढिगातली एक मिरची उचलली, चिमटीत दाबून पाहिली. आत्या एकदम उठून आत गेली.

"घरी येऊन का करशील वं माय?" ते म्हणाले. आवाज अगदी मायेचा होता. "शाळा कुठी आहे तिथं आता?"

मला रडू आलं नाही, संताप आला, आणि संतापापेक्षाही एक विचार आला तो मला आजपर्यंत सोडत नाही: बाबा पट्टीला भ्याले होते की माझ्या पाचवीला? त्याच उन्हाळ्यात भिवापुरातच माझं लग्न झालं. मुलगा आत्याच्या शेजारचा, आणि आत्या म्हणाली की स्थळ दसऱ्यापासूनच बाबांच्या मनात होतं.